अंधूक आरसा

ख्रिस्ती धर्मात श्रद्धेला पहिले स्थान आहे. श्रद्धा म्हटली की तिळमात्र शंका नसलेली खात्री, असाच अर्थ बहुतेकांच्या मनात येतो. बायबल मात्र श्रद्धेचे इतके सोपे चित्र रंगवत नाही. प्रेषित पौलाने इसवी सन ५५च्या सुमारास ग्रीसमधील करिंथच्या मंडळीला पत्र लिहिले. त्यात प्रेमावरचे प्रसिद्ध प्रकरण आहे. त्याच्या शेवटाकडे पौल माणसाच्या ज्ञानाला आरशातल्या अंधूक प्रतिबिंबाची उपमा देतो. त्या काळचे आरसे काचेचे नव्हते, घासूनपुसून चकचकीत केलेल्या धातूचे होते. चेहरा ओळखू येई, पण डोळ्यांतले भाव दिसत नसत. आज जे कळते ते अपुरे आहे, पूर्ण ज्ञान पुढचे आहे, असे सांगणारा हा माणूस ख्रिस्ती धर्माचा पहिला मोठा विचारवंत होता. त्याने हे अपुरेपण श्रद्धा सोडून नव्हे, तर श्रद्धेच्या भरातच कबूल केले.

मार्कच्या शुभवर्तमानातला एक प्रसंगही असाच आहे. आजारी मुलाचा बाप येशूकडे येतो. आपला विश्वास आहे असे तो सांगतो, आणि त्याच दमात आपल्या अविश्वासावर इलाज मागतो. येशू त्याला आधी मन स्थिर करून ये असे म्हणत नाही. मुलगा बरा होतो. थोमा नावाचा शिष्य जखमा पाहिल्याशिवाय पुनरुत्थानावर विश्वास ठेवायला तयार नसतो. त्यालाही हाकलून दिले जात नाही, जखमा दाखवल्या जातात.

या परंपरेत नम्रतेचे दोन अर्थ आहेत. परमेश्वर माणसाच्या बुद्धीत मावत नाही, त्याच्याविषयी जे काही बोलावे ते तोकडेच पडते, ही पहिली नम्रता. चौथ्या शतकातील निस्साचा ग्रेगरी आणि त्याच्या मार्गाने गेलेले संत यांनी तिचाच विस्तार केला. मराठी वाचकाला हा विचार परका नाही. निर्गुणाचे वर्णन ‘असा नाही, तसा नाही’ या वाटेनेच करावे लागते, हे त्याने ऐकलेले असते. दुसरी नम्रता शास्त्र वाचणाऱ्याची. ग्रंथ ईश्वरप्रेरित मानला तरी त्याचा आपल्याला लागलेला अर्थ ईश्वरप्रेरित नसतो. तो अर्थ लावणारा माणूस असतो, आणि माणूस चुकतो. ख्रिस्ती इतिहासातली बरीच भांडणे ही दुसरी नम्रता सुटल्यामुळे पेटली.

ग्रंथाचा अर्थ अनिश्चित राहण्याची पहिली कारणे अगदी साधी आहेत. बायबलमधील एकाही पुस्तकाची मूळ लेखकाच्या हातची प्रत उरलेली नाही. उरल्या त्या नकलांच्या नकला, आणि त्यांत फरक आहेत. मार्कच्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचने सर्वांत जुन्या दोन संपूर्ण हस्तलिखितांत नाहीत. व्यभिचाराच्या आरोपावरून धरून आणलेल्या स्त्रीची कथा आज योहानाच्या शुभवर्तमानात वाचायला मिळते, पण जुन्यात जुन्या प्रतींत ती सापडत नाही. येशूच्या स्वभावाशी इतकी जुळणारी ही कथा कोणीही ख्रिस्ती माणूस सोडायला तयार होणार नाही. म्हणून आजच्या चांगल्या आवृत्त्या ती छापतात आणि तळटीपेत वस्तुस्थितीही सांगतात. त्या तळटीपेमुळे ग्रंथाचे मोल उणावत नाही.

भाषांतरातही हेच होते. यशयाच्या सातव्या अध्यायात ‘अल्मा’ हा हिब्रू शब्द आहे. त्याचा अर्थ तरुण स्त्री. ख्रिस्तापूर्वी झालेल्या ग्रीक भाषांतरात त्यासाठी ‘पार्थेनोस’, म्हणजे कुमारी, हा शब्द आला आणि मत्तयाने तोच घेतला. ‘तरुणी’ आणि ‘कुमारी’ या दोन शब्दांच्या मधल्या फटीत शतकानुशतकांचा वाद बसला आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीच्या ग्रीक ‘लोगोस’ला मराठीत ‘शब्द’ म्हटले, की शब्दब्रह्म ऐकलेल्या माणसाच्या मनात वेगळाच नाद उठतो. तो नाद लेखकाला अभिप्रेत होता की नव्हता, हे छातीठोकपणे कोण सांगणार?

तिसरे कारण ग्रंथाच्या घडणीतच आहे. येशूचे चरित्र एक नाही, चार आहेत. पुनरुत्थानाच्या सकाळी कबरीकडे कोण गेले, याची चार उत्तरे मिळतात. मत्तयात दोन स्त्रिया आहेत, मार्कमध्ये तीन, लूकमध्ये त्याहून अधिक, तर योहानात एकट्या मग्दालिया मरीयेचे नाव आहे. तिथे भेटणारा देवदूत कुठे एक आहे, कुठे दोन. दुसऱ्या शतकात तातियन नावाच्या लेखकाने चारही कथा एकत्र गुंफून सलग चरित्र तयार केले आणि सिरियातील मंडळ्यांनी ते दोन-तीनशे वर्षे वापरले. शेवटी मात्र चर्चने एकसंध पुस्तक बाजूला ठेवले आणि न जुळणाऱ्या चार साक्षी राखल्या. हा निर्णय फार मोठा होता. साक्षीदारांची तोंडे बंद करून गोष्ट नीटनेटकी करण्यापेक्षा त्यांना आपापल्या परीने बोलू देणे चर्चला अधिक प्रामाणिक वाटले.

दोन साक्षी जुळत नाहीत तेव्हा काय करायचे, हा प्रश्न बऱ्हाणपूरच्या इतिहासातही आहे, आणि तिथेही एक साक्ष ख्रिस्ती धर्मगुरूंकडून आलेली आहे. तापीकाठचे हे शहर खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होते. १६००च्या वसंतात अकबर इथे येऊन ठेपला आणि उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या असीरगडाला त्याने वेढा घातला. त्याच्या छावणीत दोन जेसुइट होते. जेरोम झेवियर हा संत फ्रान्सिस झेवियरच्या घराण्यातला, पन्नाशीतला, फारसी शिकलेला धर्मगुरू. बेन्तो द गोइश हा अझोर्स बेटांवरचा, त्याच्याहून तेरा-चौदा वर्षांनी लहान धर्मबंधू.

१६०१च्या जानेवारीत गड पडला. कसा पडला? अबुल फजल आणि दरबारी इतिहासकार गडातल्या रोगराईचे आणि खचलेल्या शिबंदीचे कारण देतात. जेसुइटांच्या पत्रांवरून फ्रान्समध्ये द्यू जारिकने रचलेल्या वृत्तान्तात वेगळीच कथा आहे. सुलतान बहादुर अभयाच्या शपथेवर खाली आला आणि त्याला अडकवले गेले. मग लाच देऊन दरवाजे उघडवले. विन्सेंट स्मिथ यांनी १९१७ साली अकबराच्या चरित्रात जेसुइटांची बाजू उचलून धरली. पुढच्या अभ्यासकांनी तिच्यावर आक्षेप घेतले. द्यू जारिक कधी हिंदुस्थानात आला नव्हता, आणि अबुल फजल अकबराचा पगारी होता. दोघांचे म्हणणे शेजारी ठेवून, प्रत्येकाला काय दिसू शकत होते आणि काय लपवावेसे वाटत होते याचा विचार करत वाचणे, एवढेच इतिहासकाराच्या हाती असते. बायबलचे अभ्यासक चार शुभवर्तमानांशी असेच वागतात.

त्याच वृत्तान्तात वेढ्याच्या काळातला एक प्रसंग आहे. गोव्याच्या पोर्तुगीजांकडून तोफा मिळाव्यात म्हणून झेवियरने पत्र लिहावे, असे अकबराने सांगितले. आपल्या धर्माला हे धरून नाही, असे सांगून झेवियरने नकार दिला. बादशहा संतापला आणि काही काळ धर्मगुरूंना त्याच्यासमोर जाणेही अवघड झाले. अर्थाबद्दल अनिश्चित असणे म्हणजे आचरणातही डळमळीत असणे, असा समज असतो, तो इथे टिकत नाही. झेवियरची काही ठाम मते पुढे चुकीची ठरली. हा नकार मात्र आजही योग्यच वाटतो.

पुढे १६०२मध्ये झेवियरने आग्र्यात अकबराला एक फारसी ग्रंथ अर्पण केला. नाव ‘मिरात-उल-कुद्स’, म्हणजे पावित्र्याचा आरसा. तो येशूचे चरित्र चार भागांत सांगतो: जन्म व बालपण, चमत्कार व शिकवण, दुःखसहन व मरण, पुनरुत्थान व स्वर्गारोहण. फारसी घडवायला लाहोरचा अब्दुस्सत्तार इब्न कासिम हा दरबारी विद्वान बरोबर होता. शाहजादा सलीमसाठी या ग्रंथाची सचित्र प्रत तयार झाली. मुघल चितारांनी रंगवलेली ती प्रत आज क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयात आहे. झेवियरने शुभवर्तमानांबरोबर चर्चमध्ये चालत आलेल्या, पण बायबलात नसलेल्या कथाही त्यात गुंफल्या. त्याला त्यात काही गैर वाटले नाही. १६३९ साली हॉलंडमधील लायडेन येथे लुई द द्यू या प्रोटेस्टंट पंडिताने तोच फारसी ग्रंथ लॅटिन भाषांतरासह छापला, आणि शीर्षकातच म्हटले की ही ख्रिस्तकथा अनेक परींनी भ्रष्ट केलेली आहे. एकाने अकबरापुढे धरलेला पवित्र आरसा दुसऱ्याला डागाळलेला दिसला. दोघेही ख्रिस्ती होते, दोघेही तेच बायबल मानत होते.

आरसा तिथेच थांबला नाही. १६०९मध्ये झेवियरने ‘आईना-इ-हकनुमा’, म्हणजे सत्य दाखवणारा आरसा, हा वादग्रंथ लिहून जहांगीराच्या काळात पुढे केला. तो इराणपर्यंत पोहोचला. इस्फहानच्या सय्यद अहमद अलवी या विद्वानाने त्याला उत्तर लिहिले आणि उत्तराचे नाव ठेवले ‘मिस्कल-इ-सफा’. मिस्कल म्हणजे आरशावरचा गंज घासून काढायचे हत्यार. तुमचा आरसा आधी लख्ख करायला हवा, असा त्यातला टोला. पुढे रोममधून त्याला लॅटिनमध्ये प्रत्युत्तर गेले. ज्या अब्दुस्सत्तारने झेवियरबरोबर बसून ख्रिस्तचरित्र फारसीत आणले, त्यानेच जहांगीराच्या रात्रीच्या मजलशींत ख्रिस्ती मतांवर आक्षेप घेतले आणि त्या चर्चांची नोंदही लिहून ठेवली. या सगळ्या वादात पौलाचा मूळ आरसा कुणी समोर घेतलेला दिसत नाही. प्रत्येकाला आपला आरसा निर्मळ आणि दुसऱ्याचा मळका वाटत राहिला.

बऱ्हाणपुरात याहून वेगळा सूरही दगडावर कोरलेला होता. आदिलशाह फारुकीने बांधलेल्या जामा मशिदीत अरबीबरोबर एक संस्कृत शिलालेख आहे, संवत १६४६चा. त्याच्या आरंभी सृष्टिकर्त्याला, अव्यक्त आणि गुणातीत अशा परमतत्त्वाला वंदन आहे. मुसलमान सुलतानाच्या मशिदीत देवनागरी अक्षरांत परमेश्वराचे अवर्णनीयत्व लिहिले गेले, त्यानंतर दहाच वर्षांनी झेवियर या शहरात राहिला. त्याने तो लेख पाहिला की नाही, याला पुरावा नाही. ग्रेगरीच्या परंपरेतला ख्रिस्ती माणूस त्या ओळींपाशी मात्र नक्की थबकला असता.

खात्री कशी फसते, आणि फसल्यावर माणूस काय करू शकतो, याचा सर्वांत हृदयस्पर्शी दाखला बेन्तो द गोइशचा आहे. लाहोरला असताना झेवियरने एका म्हाताऱ्या मुसलमान व्यापाऱ्याकडून उत्तरेकडच्या ‘कॅथे’ नावाच्या मोठ्या राज्याची माहिती ऐकली होती. तिथल्या देवळांत मूर्ती असतात, पुजारी ब्रह्मचारी असतात, असे त्याने सांगितले. झेवियरने अर्थ लावला की हे ख्रिस्ती लोक असले पाहिजेत, जगापासून तुटलेले आपलेच भाऊबंद. बीजिंगमध्ये असलेला मात्तेओ रिची हा जेसुइट कळवत होता की कॅथे म्हणजे चीनच. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंना ते पटत नव्हते.

१६०१च्या वसंतात अकबराने बऱ्हाणपुराहून गोव्याला वकिलात पाठवली, तिच्याबरोबर गोइश गेला. गोव्यात वरिष्ठांनी कॅथेच्या शोधासाठी त्याचीच निवड केली. १६०२च्या अखेरीस तो आग्र्याहून निघाला. आर्मेनियन व्यापाऱ्याचा वेश, अब्दुल्ला हे नाव, बरोबर इसाक नावाचा आर्मेनियन सोबती. काबूल, पामीरचे बर्फाळ घाट, यार्कंद असा तो पुढे सरकत गेला. चालिस नावाच्या गावी त्याला बीजिंगहून परतणारे व्यापारी भेटले. परदेशी पाहुण्यांच्या ज्या सरायीत ते उतरले होते, तिथल्या केरातून उचललेला कागदाचा तुकडा त्यांनी दाखवला. त्यावर पोर्तुगीज अक्षरे होती. रिचीची माणसे तिथेच राहत होती. कॅथे म्हणजे चीन. तिथे हरवलेले ख्रिस्ती भाऊबंद नव्हते. व्यापाऱ्याने पाहिली होती ती बौद्ध देवळे आणि बौद्ध भिक्षू. देवळातले दिवे, धूप, पुजाऱ्यांचे झगे यांत झेवियरला जे हवे होते तेच दिसले होते.

गोइश पुढे गेला, सीमेवरच्या सुजौ शहरी पोहोचला आणि तिथे दीड वर्ष अडकला. रिचीने पाठवलेला चिनी धर्मबंधू १६०७च्या मार्चअखेर पोहोचला तेव्हा गोइश अंथरुणाला खिळला होता. ११ एप्रिलला तो वारला. त्याने प्रवासाची बारीक नोंदवही लिहिली होती आणि तीत काफिल्यातल्या लोकांनी त्याच्याकडून घेतलेल्या कर्जाचे आकडे होते. मृत्यूनंतर ती वही फाडून टाकण्यात आली. उरलेली चिटोरी आणि इसाकच्या तोंडची आठवण यांवरून रिचीने प्रवासाची कथा पुन्हा उभी केली, आणि ती १६१५मध्ये युरोपात छापून आली. फाटकी चिटोरी आणि एका साक्षीदाराची आठवण यांच्या आधारे सत्याच्या शक्य तितके जवळ जाणे, हे काम रिचीने किती जपून केले असेल! शास्त्राच्या अभ्यासकाचे कामही याच जातीचे असते. ‘आपले चुकले’ हे कळवणारा माणूस त्या शोधात जिवानिशी गेला आणि त्याच्या संस्थेने ती चूक छापून जगाला सांगितली, याचे श्रेय त्या संस्थेला दिले पाहिजे.

याच सुमारास गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेसुइटाने ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६मध्ये राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ बायबलचे भाषांतर नाही. ती त्याने पुराणाच्या घाटात सांगितलेली ख्रिस्तकथा आहे. आलेल्या माणसाने इथल्या श्रोत्याच्या कानाची शिस्त आधी शिकून घेतली, हीही शास्त्रवाचनातली नम्रताच. पण ज्या राजवटीत ही ओवी जन्मली तिने १६८४मध्ये स्थानिक भाषांवरच बंदीचा हुकूम काढला. स्टीफन्सपाशी होती ती नम्रता त्या राजवटीपाशी नव्हती.

मराठी ख्रिस्ती परंपरेत शंकेचे ओझे सर्वांत जड झाले ते नीळकंठशास्त्री गोरे यांच्या खांद्यावर. हे चित्पावन घराणे बुंदेलखंडात स्थिरावलेले. १८२५ साली झाशीजवळच्या काशीपुऱ्यात नीळकंठशास्त्रींचा जन्म झाला आणि काशीत ते पंडित झाले. जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृतज्ञाने ‘मतपरीक्षा’ नावाच्या संस्कृत ग्रंथात ख्रिस्ती मताची थोरवी मांडली. त्याला विशीतल्या गोऱ्यांनी १८४४-४५मध्ये ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून उत्तर दिले. त्यांचा मुद्दा असा की आधी शास्त्रावर श्रद्धा असावी लागते आणि बुद्धीने त्या श्रद्धेच्या मागून चालावे. माणसाची बुद्धी शास्त्राची न्यायाधीश होऊ शकत नाही. तीनच वर्षांनी, १८४८मध्ये, जौनपूरला त्यांनीच बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या गोरे झाले. १८६०मध्ये त्यांनी हिंदू दर्शनांची चिकित्सा करणारा ग्रंथ हिंदीत लिहिला. त्याचे नाव ‘षड्दर्शनदर्पण’. पुन्हा आरसाच.

दुसऱ्यांच्या मतांपुढे आरसा धरणाऱ्या या माणसाने तो स्वतःकडेही वळवला, हे त्यांचे मोठेपण. बुद्धीला दिलेली मोकळीक त्यांना परत घेता आली नाही. शंकांनी आयुष्यभर त्यांचा पिच्छा पुरवला. एका पंथशाखेतून दुसऱ्या शाखेत, अधिक भक्कम आधाराच्या शोधात ते जात राहिले. एका अँग्लिकन मठसंघात ते उमेदवार म्हणून राहिले, पण अखेरची व्रते त्यांनी घेतली नाहीत. १८९५मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या चंचलपणावर टीका झाली. पण मनात शंका असताना व्रत न घेणे याला चंचलपणा म्हणता येणार नाही. जे मनापासून मानत नाही ते तोंडाने न बोलण्याची सचोटी त्यांच्यापाशी होती.

गोऱ्यांच्या लेखनाचा आणि पत्रांचा ज्यांच्यावर खोल परिणाम झाला त्या पंडिता रमाबाई. १८५८ साली अनंतशास्त्री डोंगरे यांच्या पोटी जन्म, दुष्काळात आईवडिलांचा मृत्यू, कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ही बिरुदे, अल्पकाळाचा संसार, वैधव्य, आणि १८८३मध्ये इंग्लंड, हा त्यांचा प्रवास महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांनी आणि चिमुकल्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची दोन-अडीच वर्षे या लेखाच्या विषयासाठी फार मोलाची आहेत. मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. तो १९७७मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने पुस्तकरूपाने छापला.

वाद त्रैक्याचा होता, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या सिद्धान्ताचा. चर्चने बांधून दिलेली त्याची मांडणी रमाबाईंना जशीच्या तशी पटेना. बायबल मान्य, पण बायबलचा अमुकच अर्थ लावा असे सांगण्याचा अधिकार कुणाचा, असे त्या विचारू लागल्या. आपण ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत आलो आहोत, एका पंथाच्या चौकटीत नव्हे, ही त्यांची भूमिका होती. मनोरमेला काय शिकवावे, इथपर्यंत वाद गेला. जेराल्डीनना यात गर्व दिसला. नव्याने आलेल्या बाईने आधी नम्रपणे शिकावे, अशी त्यांची अपेक्षा होती. १८८५च्या मे महिन्यात रमाबाईंनी उत्तर लिहिले. हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचे जू आपण मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता तसेच दुसरे जू चढवून घ्यायची आपली तयारी नाही, असा त्याचा आशय आहे. क्रुसावरील लॅटिन अक्षरांवरूनही त्यांचा खटका उडाला होता. आमच्या स्त्रियांना ती समजणार नाहीत. लॅटिनमध्ये असे काय आहे की जे संस्कृतात नाही?

जेराल्डीन प्रेमळ होत्या, रमाबाईंवर त्यांची माया होती, हे पत्रांतून स्पष्ट दिसते. तरीही त्यांच्या शब्दकोशात नम्रता म्हणजे आज्ञापालन होते. रमाबाई आपल्याला पूर्ण कळलेले नाही हे मान्य करत होत्या, आणि म्हणूनच कळल्याचे सोंग आणायला नकार देत होत्या. पौलाच्या अर्थाने रमाबाईच अधिक नम्र होत्या, असे आज निःसंकोच म्हणता येते. बील यांनी त्यांच्या प्रश्नांना प्रश्न म्हणून वागवले, त्यांच्याशी विचारविनिमय केला. रमाबाई ख्रिस्ताजवळ टिकून राहिल्या, यात या वागणुकीचाही वाटा होता.

अनिश्चितता मान्य केली की वाटेल तो अर्थ चालतो, असा आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. काही गोष्टी ख्रिस्ती परंपरेने पक्क्या धरल्या आहेत: एकच परमेश्वर, पंतय पिलाताच्या कारकिर्दीत क्रुसावर मेलेला येशू, त्याचे पुनरुत्थान, देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या आरंभी उत्पत्तीच्या पुस्तकावर भाष्य करताना बजावले होते की संदिग्ध वचनाच्या एकाच अर्थाला इतके घट्ट चिकटू नये की तो अर्थ पडला की आपणही पडू. अर्थाला त्याने कसोटीही दिली: ज्याने लावलेल्या अर्थाने प्रीती वाढत नाही त्याला शास्त्र समजलेच नाही. बाराशे वर्षांनी गॅलिलिओने पृथ्वीच्या भ्रमणाचा बचाव करताना ऑगस्टीनचाच आधार घेतला. १६३३मध्ये चर्चने तरीही त्याला दोषी ठरवले आणि ती चूक पोपच्या तोंडून कबूल व्हायला १९९२ उजाडले. तीस वर्षांचे धर्मयुद्ध जर्मनी उद्ध्वस्त करत असताना, १६२७च्या सुमारास, रुपेर्टुस मेल्डेनिउस या टोपणनावाच्या लुथरन धर्मशास्त्र्याने सांगितले की मूलभूत गोष्टींत एकी, मूलभूत नसलेल्या गोष्टींत मोकळीक आणि सर्वत्र प्रीती राखावी. पुष्कळ जण हे वचन ऑगस्टीनच्या नावावर खपवतात.

मराठीत ही मोकळीक प्रत्यक्षात आणायचा प्रयत्न नारायण वामन टिळकांनी केला. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. १९१७मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. दोनच वर्षांत ते गेले आणि दरबार फार काळ चालला नाही. कॅथलिक चर्चने १९६५मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत अधिकृतपणे मान्य केले की शास्त्राचा अर्थ लावताना लेखकाचा काळ, त्याची भाषा आणि त्याने वापरलेला साहित्यप्रकार ध्यानात घेतलाच पाहिजे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ हे याच वाटेवरचे मराठी काम.

रमाबाईंच्या प्रश्नांचे पुढे काय झाले, हे शेवटी पाहणे योग्य. १९०७मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात त्या सांगतात की इंग्लंडमध्ये आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तो नंतर, १८९१च्या सुमारास, सापडला. त्या अनुभवाने त्यांची श्रद्धा दृढ झाली. दृढ झाल्यावर त्या अर्थ सांगत फिरल्या नाहीत. पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतले. संस्कृत मुखोद्गत असलेल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या बाईने पुन्हा अक्षरे गिरवली. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर होते आणि खेड्यातल्या बाईला ते कळत नव्हते, म्हणून मूळ भाषांतून साध्या मराठीत सबंध बायबल आणायचे त्यांनी ठरवले. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली तिथल्याच छापखान्यात खिळे जुळवत, आणि रमाबाई मुद्रिते तपासत. १९२१मध्ये मनोरमा वारली. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, तोवर मजकूर हातावेगळा झाला होता. त्यांचे संपूर्ण मराठी बायबल १९२४मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले.